शंका नसेल तर मंजूर

मास्तर पान थुंकायला उठले की निबंध वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडायची. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घशाला पडलेली आहे.

पन्नास सालानंतरचा काळ. गडचिरोली तेव्हा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातला एक तालुका, वैनगंगेच्या पलीकडचा. तिथल्या शाळेच्या मोठ्या खोलीत महिन्यातून एकदा आसपासच्या खेड्यांतले आम्ही सगळे प्राथमिक शिक्षक जमायचो. हजेरी व्हायची, वरून आलेली परिपत्रकं वाचली जायची आणि मग कोणीतरी एकजण शिकवण्याच्या पद्धतीवर नाहीतर शाळेच्या कारभारावर निबंध वाचायचा. अध्यक्षस्थानी डेप्युटी साहेब, म्हणजे आमच्या शाळा तपासणारे अधिकारी. निबंध संपला की ते विचारायचे, "कोणाला काही शंका?" शंका नसेल तर निबंध सर्वानुमते मंजूर आणि त्याची प्रत चांद्याच्या कचेरीत रवाना. शंका निघाली आणि वाचणाऱ्याला तिचं समाधान करता आलं नाही, तर निबंध तहकूब. असा तिथला रिवाज होता.

आता असा रिवाज असल्यावर शहाणी माणसं काय करतील? आम्हीही तेच करत होतो. तुझ्या निबंधावर मी बोलत नाही, माझ्या निबंधावर तू बोलू नकोस. शिवाय शेजारच्या खोलीत आलुबोंडे तळून तयार असायचे, त्यांचा वास आत यायचा आणि परतीची मोटर काही कोणासाठी थांबणारी नव्हती. अशा वेळी शंका काढणारा माणूस म्हणजे साऱ्या सभेचा वैरी.

तो वैरी म्हणजे मास्तर. तसे आम्ही सगळेच मास्तर, पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की ते एकटेच. बुटका बांधा, आखूड धोतर, भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट आणि गालात कायम पान. दाराजवळ सतरंजीच्या टोकाला डोळे मिटून बसायचे. नवख्याला वाटावं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. "कोणाला काही शंका?" हे शब्द कानावर पडले की डोळे उघडायचे, उठायचे, ओसरीवर जाऊन पान थुंकायचे, लोट्यातल्या पाण्याने चूळ भरायचे, उपरण्याने तोंड पुसायचे आणि मगच आत यायचे. भरल्या तोंडाने प्रश्न विचारणं हा त्यांच्या मते वाचणाऱ्याचा अपमान होता. तोवर सारी सभा खोळंबलेली, डेप्युटी साहेब घड्याळाकडे बघताहेत आणि निबंधवाला बिचारा घाम पुसत उभा. ओसरीवरून चुळीचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

इतकं सगळं करून प्रश्न केवढा, तर एका ओळीचा. एकदा एका हेडमास्तरांनी शाळेतल्या स्वच्छतेवर भलामोठा निबंध वाचला. रोज नखं तपासावीत, हात धुवून घ्यावेत, माठ झाकून ठेवावा, फळा ओल्या फडक्याने पुसावा. भाषा अशी भारदस्त की डेप्युटी साहेब मधूनमधून मान डोलावत होते. मास्तर चूळ भरून आले.

"गुरुजी, तुमच्या शाळेत पानी कोन भरते?"

"मुली भरतात. नदी जवळच आहे."

"बरं," म्हणून मास्तर खाली बसले. पण ती नदी आम्हा सगळ्यांच्या माहितीतली होती. उन्हाळ्यात तिचं पाणी किती लांब जातं हेही माहीत होतं. सकाळी वर्ग भरलेला असताना त्या शाळेतल्या मुली कुठे असतात, ते कोणी न सांगता प्रत्येकाला कळलं. हेडमास्तरांनाही कळलं. ते हातातल्या कागदांकडे बघत उभे राहिले आणि निबंध तहकूब झाला.

सभेनंतर मास्तर त्यांच्याबरोबर मोटरपर्यंत चालत गेले. त्यांची पिशवी स्वतःच्या हातात घेतली, त्यांना पान लावून दिलं आणि शाळेला विहीर मिळवायची तर अर्ज कोणाकडे करावा, यावर रस्ताभर बोलत राहिले. लोक म्हणाले, बघा, आता जखमेवर मीठ चोळताहेत. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मी स्वभावाने धास्तीखोर. घराबाहेर पडताना कुलूप लागलं की नाही हे परत येऊन बघणारा. मूळचा वरोऱ्याचा, कापसाच्या गाड्या आणि रेल्वेची शिट्टी यांच्यात वाढलेला. गडचिरोलीजवळच्या खेड्यात नेमणूक झाली तेव्हा आई रडली होती. पण खरी भीती पुढेच होती. इथूनही आणखी आत, धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलात बदली होण्याची भीती. तिकडे वाघ, तिकडे हिवताप, पावसाळ्यात वाट बंद आणि माणसं गोंडी बोलणारी, म्हणजे आपलं अक्षर न कळणारी. तिकडे कोणाला पाठवायचं ते डेप्युटी साहेबांच्या मनावर. म्हणून त्यांच्यासमोर आपली फजिती होता कामा नये, एवढी एकच काळजी मी दिवसरात्र वाहत होतो.

अशात माझी निबंधाची पाळी आली. विषय तोंडी हिशेब. मी अन्नपाणी विसरून तो लिहिला आणि वर एक युक्तीही काढली. मास्तर चूळ भरायला बाहेर जातात तेवढी उसंत मिळते. त्या वेळात शेजारच्या गावच्या गुरुजींनी उठून मी सांगितलेली शंका विचारायची, मी लगेच समाधान करायचं आणि साहेबांनी मंजुरी देऊन टाकायची. मास्तर आत येईपर्यंत सगळे आलुबोंड्यांकडे निघालेले असतील.

बेत बरोबर वठला. मास्तर बाहेर गेले, गुरुजींनी शंका विचारली आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण भीतीने डोकं असं रिकामं झालं की एक अक्षर आठवेना. मग मी निबंधाच्या खालचा कागद वर काढला आणि सरळ वाचायला लागलो, "या शंकेचे समाधान असे की..." तेवढ्यात मास्तर तोंड पुसत दारात उभे.

"गुरुजी, शंका आत्ता निघाली, आन् उत्तर घरून लिहून आनलं?"

खोलीत जो हशा पिकला तो माझ्या अजून कानात आहे. डेप्युटी साहेबसुद्धा रुमालामागे हसले. परतताना मास्तरांनी माझीही पिशवी हिसकावून घेतली. मी रडकुंडीला आलो होतो. म्हणालो, "मास्तर, तुमच्यापायी माझी बदली होणार जंगलात."

"जंगलाले भेता?"

"भितो."

"मी थ्याच जंगलात होतो. धानोऱ्याच्या पलीकडं. जवान होतो तवापासून. मेलो का?" मग थोडं चालून म्हणाले, "बापू, तुमाले इचाराचंबी भेव आन् सांगाचंबी भेव. असं कसं चालंन? बजाराच्या दिवशी या माह्याकडं."

मी गेलो. न जाऊन सांगतो कोणाला. त्यांनी मला आठवडी बाजारात नेलं आणि तळ्यातले मासे विकणाऱ्या एका बाईपुढे उभं केलं. म्हणाले, इचारा काही. मी विचारलं, "मासे ताजे आहेत का?"

"नाई तं शिळे आनून बसली का मी?" बाई फणकारली.

"ऐकलं?" मास्तर म्हणाले. "जे उत्तर येनारच होतं थेच आलं. मंग तोंड कायले वाजवलं?" आणि बाईकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, आज कोनता मासा नाई भेटला?" बाईने आधी त्यांच्याकडे जरा संशयाने पाहिलं, मग टोपली बाजूला सारली आणि बोलायला लागली. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी तिचं आपलं चालूच. मास्तर उकिडवे बसून ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी "मला माहीत आहे" असं म्हटलं नाही.

त्यानंतर त्यांच्याकडे माझी ये-जा सुरू झाली. त्यांची मतं ठाम होती आणि ती ते पान चघळत, तुकड्या-तुकड्यांनी सांगायचे. "ज्याचं उत्तर आपल्या खिशात हाये, थो प्रश्न नाई बापू, थो देखावा हाये." "पहिले 'लय चांगला निबंध' म्हनाचं नाई. तारीफ कराची असंन तं बाहेर चहासंगं करा." "एकच इचाराचं आन् बसाचं. उभं राह्यलं का मानूस भाषन देते." आणि एकदा म्हणाले, "घरी जाऊन जेवताजेवता ज्याच्यापायी वाचनाऱ्याचा घास थांबते, थो प्रश्न."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "जगाले इचारत फिरते हे. घरी मात्र तोंड शिवलं. भाजीत मीठ टाकाले इसरली तरी गपचिप जेवून उठते."

"तुह्या भाजीचं उत्तर मले पहिलेच माहीत असते," मास्तर म्हणाले, आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

धानोऱ्यापलीकडच्या, त्यांच्या जुन्या शाळेच्या गावाचा विषय निघाला की मात्र ते बदलायचे. आवाज हळू व्हायचा. तिथे मुलं मराठी वाचनपुस्तकासमोर मुकी बसायची आणि आठ-पंधरा दिवसांत दिसेनाशी व्हायची. मास्तरांनी पुस्तक बाजूला ठेवलं, मुलांकडूनच गोंडी शिकले आणि पहिलं वर्षभर सगळं गोंडीतच शिकवलं. दुसऱ्या वर्षापासून मराठी. मुलं टिकली. शेळ्या राखणारी पोरं शेळ्या घेऊन शाळेच्या अंगणात यायला लागली. हे ते सांगायचे तेव्हा त्यांच्या गालातलं पान तसंच राहून जायचं.

ते निवृत्त व्हायच्या वर्षी सभेत बातमी आली की पुढचा निबंध मास्तर वाचणार. विषय हाच. गोंडी गावांतल्या शाळांत पहिलं वर्ष गोंडीतून शिकवण्याची परवानगी मिळावी. डेप्युटी साहेबांना कल्पना पसंत होती. शंका निघाली नाही तर मी स्वतः हा निबंध चांद्याला घेऊन जाईन, काही शाळांना परवानगी मिळवून देईन, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मास्तरांच्या नोकरीचे शेवटचे महिने होते. आता नाही झालं तर कधीच होणार नव्हतं.

या वेळी आम्हा सगळ्यांचं पुन्हा ठरलं, कोणी तोंड उघडायचं नाही. पण या वेळी त्यात आलुबोंड्यांचा संबंध नव्हता. म्हाताऱ्याने जन्मभर एक गोष्ट मागितली आहे, ती त्याला मिळू द्यावी, एवढंच मनात होतं.

त्या दिवशी मास्तरांच्या तोंडात पान नव्हतं. कोट धुतलेला. कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. इतरांना घाम फोडणारा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. निबंध सुंदर होता. साधा होता. मुलं कशी बोलती झाली, ते त्यांनी एकही मोठा शब्द न वापरता सांगितलं.

आणि ऐकता ऐकता माझ्या मनात प्रश्न आला. मी तो शोधला नव्हता. नको म्हणत असताना आला. मी त्याला झटकलं, खिडकीबाहेरच्या मोहाच्या झाडाकडे बघितलं, आलुबोंड्यांचा विचार केला. प्रश्न जाईना. विचारला तर म्हाताऱ्याची एवढी मोठी आशा माझ्या हातून मोडणार. न विचारला तर त्यांनी जे मला शिकवलं ते सगळं खोटं ठरणार, आणि तेही नेमकं त्यांच्यासमोर.

"कोणाला काही शंका?" डेप्युटी साहेब म्हणाले.

कोणी हललं नाही. साहेब हसले, त्यांनी पेन उचललं. मास्तर मात्र कागद खाली घेऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना मंजुरी नको होती का? हवी होती. पण त्या शांततेत त्यांचा चेहरा असा उतरत गेला की मला बघवेना. इतक्या लोकांनी ऐकलं आणि कोणालाच काही विचारावंसं वाटलं नाही, एवढंच त्यांना त्या शांततेतून कळत होतं. मी केव्हा उभा राहिलो ते मलाच आठवत नाही.

"मास्तर, तुमची त्या गावातून बदली झाल्यावर ती मुलं शाळेत राहिली का?"

एवढं म्हणून मी बसलो. आजूबाजूच्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चोरी करताना सापडलो असतो तरी बरं. मास्तरांनी हातातल्या कागदांची घडी घातली. मग म्हणाले, "मले माहीत नाई."

डेप्युटी साहेब घाईने म्हणाले, "तो प्रश्न विषयाला धरून नाही. बदलीनंतरचं मास्तरांना काय माहीत? आपण हा निबंध—"

"नाई साहेब. प्रश्न बराबर हाये. पोट्टे बोलीपायी टिकले का माह्यापायी टिकले, हे मले कदी सुचलंच नाई. ठेवा निबंध."

निबंध तहकूब झाला. त्या दिवशी माझ्याशेजारी आलुबोंडा खायला कोणी बसलं नाही. मोटरकडे जाताना मास्तर मागून आले आणि माझी पिशवी घेऊन चालायला लागले. मी कसंबसं म्हटलं, "मास्तर, मला माफ करा." ते चिडले. माझ्यावर ते चिडल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. "माफी मांगून आता थ्या प्रश्नाले खराब नका करू," म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत ते त्या गावाला गेले. काही वाट बैलबंडीने, काही पायी. परत आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. शाळा बंद पडली होती. त्यांच्या मागून आलेले गुरुजी तोंड दाखवण्यापुरते यायचे, मग तेही बंद झालं. खोलीत कोणीतरी कडबा भरून ठेवला होता. पोरं पुन्हा शेळ्यांमागे गेली होती. एकाने मास्तरांना ओळखलं, जोहार केला आणि अंगणात बसायला बाज टाकली.

"मग उत्तर मिळालं तुम्हाला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मेल्यासारखा वाटला.

"कुठी मिळालं? थ्या गुरुजीले गोंडीचा गंध नाई, आन् शिकवाची हौस नाई. म्हंजे पोट्टे कायच्यापायी गेले थे अजून कळलं नाई. मी जाऊन उपेग नाई, मी गेलो तं पुन्हा मीच होईन. दुसऱ्या कोनी गोंडीतून शिकवून पाह्यलं, तवा कळंन."

एवढं बोलून ते पानाचा देठ खुडायला लागले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळत होतं. जन्मभर ज्या माणसाने समोरच्याला एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडलं नाही, त्याने त्या दिवशी मला काहीही विचारलं नाही. मला त्यांचा राग आला. सरळ विचारलं असतं तर सरळ नाही म्हणता आलं असतं.

मग माझा घास थांबायला लागला. जेवताना, फळ्यावर लिहिताना, विहिरीवर अंघोळ करताना, ती कडबा भरलेली खोली डोळ्यांपुढे. बायको नवी होती, वर्षभराचा संसार. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण भाकरी वाढता वाढता एका दुपारी तीच म्हणाली, "सभेत इचाराले कोनी सांगतलं होतं? इचारलं ना? मंग आता जा. मीबी येतो. पन असं अर्धं जेवून उठू नका बाप्पा, मले भाकर फेकवत नाई."

मी बदलीचा अर्ज केला तेव्हा डेप्युटी साहेबांनी मला दोनदा विचारलं की अर्ज उलटा तर लिहिला नाही ना. त्या जंगलातून बाहेर येण्याचे अर्ज त्यांच्याकडे ढिगाने यायचे; आत जाण्याचा हा पहिला होता. ते भले माणूस होते. जाण्याआधी ते म्हणाले, "वर्षभर करून बघा. निबंध पुरा करा, की मी तुम्हाला थेट वरोऱ्याला पाठवतो. शब्द देतो."

त्या शब्दाला धरून मी वर्ष काढलं. हिवतापाने आम्ही दोघंही आळीपाळीने कुडकुडलो. वाघ दिसला नाही, पण दिसेल या भीतीने जेवढं घाबरायचं तेवढं मी घाबरून घेतलं. कडबा काढला, भिंती सारवल्या, आणि मुलांकडून गोंडी शिकलो. माझ्या उच्चारांवर मुलं पोट धरून हसायची आणि दुसऱ्या दिवशी नवीन काही ऐकायला मिळेल म्हणून परत यायची. हळूहळू मुलं जमली, आणि टिकली. बोली तीच होती, माणूस दुसरा होता. म्हणजे मास्तरांचं म्हणणं खरं होतं. मला इतका आनंद झाला की मी वरोऱ्याच्या घराला कोणता रंग द्यायचा हेसुद्धा मनात ठरवून टाकलं.

वर्षअखेरच्या सभेला मी त्यांचा निबंध पुढे वाचायला उभा राहिलो. निवृत्त झालेले मास्तर चिमूरकडच्या आपल्या गावाहून मुद्दाम आले होते. दाराजवळ पाहुणे म्हणून बसले होते, खूप वाळलेले. मी वाचलं. लोक खूश दिसत होते. डेप्युटी साहेबांनी विचारलं, "कोणाला काही शंका?" आणि मी मनात म्हटलं, आता कोणी बोलू नका रे. त्यांचं काम होतंय, माझं वरोरा होतंय.

दाराजवळून आवाज आला, "साहेब, पाहुन्याले इचारता येते का?"

साहेबांनी मान हलवली. मास्तर भिंतीला धरून उठले. माझा घसा कोरडा पडला. स्वतःच्याच निबंधाला हा माणूस आता कुठे सुरुंग लावणार, हे मला कळेना.

"गुरुजी, तुमी पोट्ट्यायले सालभर इचारलं. पोट्ट्यायनं तुमाले काय इचारलं?"

मी हातातले कागद चाळले. पाढे, गोष्टी, अक्षरं, सगळं निबंधात होतं. हे नव्हतं. आणि मग मला त्या पोरीची आठवण झाली. सगळ्यात मागे बसायची, सगळ्यांत कमी बोलायची. सभेला निघायच्या आदल्या दिवशी तिने मला विचारलं होतं, गोंडीतच. मी ते हसण्यावारी नेलं होतं आणि विसरूनही गेलो होतो, असं मला वाटत होतं.

"एका मुलीने विचारलं," मी म्हणालो. "गुरुजी, तुम्ही कधी जाणार?"

आमच्यापैकी प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या गावातून बदली मागून आलेला होता.

"मंग काय सांगतलं तिले?"

"काही नाही सांगितलं."

मास्तरांनी मान हलवली आणि खाली बसले. डेप्युटी साहेब म्हणाले, "यात निबंधाविरुद्ध काही नाही." काही नव्हतंच. निबंध सर्वानुमते मंजूर झाला आणि चांद्याला गेला. तिथून कधी काही हुकूम आला नाही. तो कुठल्या कपाटात राहिला, कोणास ठाऊक. सभेनंतर ओसरीवर साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि वरोऱ्याचं नक्की करू का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, इतक्यात नको. हे माझ्या तोंडून आलं तेव्हा मला धीर आला असं काही नाही. उलट अशी भीती वाटली की मी ओसरीचा खांब धरला. मास्तर तोवर मोटरकडे निघून गेले होते. त्या दिवशी माझी पिशवी घ्यायला ते थांबले नाहीत, आणि नंतर आमची भेटही झाली नाही.

मुलं बोलीमुळे टिकतात की माणसामुळे, हे पुरतं कळायचं तर मला ते गाव सोडावं लागलं असतं. ते मी बरीच वर्षं सोडलं नाही. त्यामुळे माझ्या प्रश्नाचं उत्तर मला आजही माहीत नाही.

त्या पोरीला मात्र मी परत गेल्यावर पहिल्याच सकाळी उत्तर दिलं. जात नाही, एवढंच सांगायचं होतं. ते मी गोंडीत सांगितलं आणि कुठेतरी चुकलो असणार, कारण सगळी पोरं खदखदून हसली. ती हसली नाही. तिने ऐकून घेतलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती आली ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन. त्याला तिने माझ्यासमोर अगदी पुढच्या तरटावर बसवलं, त्याचं नाक पुसलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसली.